बुल टेरियर घरी येतोय: यातला स्वभाव कुठला आणि आजार कुठला?

वडगावकर_मंजू

नमस्कार. आमच्याकडे पुढच्या महिन्यात बुल टेरियर येणार आहे. पिल्लू नाही, तीन वर्षांचा नर, नाव ब्रूनो. माझ्या चुलत दिरांची सिंगापूरला बदली झाली आणि त्याला तिकडे न्यायचं जमत नाहीये. पांढराशुभ्र आहे, उजव्या डोळ्यावर तेवढा काळा डाग. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. मी घरीच ब्लाऊज शिवते, त्यामुळे दिवसभर घरात माणूस असतं. पूर्वी आमच्याकडे पॉमेरियन होता, म्हातारा होऊन गेला. तेव्हा कुत्र्याचं करायची सवय आहे, पण ब्रूनोचं सगळंच निराळं दिसतंय.

ओळख व्हावी म्हणून सध्या रविवारी दिरांकडे जातो. त्यांच्या गॅलरीत मनीप्लँटच्या वेली खाली लोंबतात. ब्रूनो त्यांच्याखाली जातो, पानं पाठीला जेमतेम लागतील असा उभा राहतो आणि मग इतका हळू पुढे सरकतो की हलतोय की नाही कळत नाही. डोळे उघडेच, पण नजर कुठेच नाही. हाक मारली तर पहिल्यांदा ऐकतच नाही. सासूबाईंना वाटलं, त्याला काहीतरी दिसतंय. 'हे जनावर बरं नाही गं,' म्हणाल्या.

संध्याकाळी दुसरं सुरू. ढुंगण खाली घालून हॉलभर सुसाट पळतो, सोफ्यावर आदळतो, टीपॉय उलथतो, आणि दोन मिनिटांत काही झालंच नाही असा पंख्याखाली आडवा.

तिसरं म्हणजे शेपटीमागे गोल फिरणं. दीर ऑफिसला निघाले की हे हटकून होतं, जाऊबाई म्हणाल्या. आणि ऐकणं हा प्रकारच नाही. 'बस' म्हटलं की एकदा बसतो, दुसऱ्यांदा माझ्याकडे बघत राहतो.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, ही बंदी घातलेली जात आहे. कुत्रा घ्यायचं ठरलंय, पण लेकीची काळजी वाटते. यातलं स्वभाव काय, आजार काय आणि मी काय तयारी करू? ज्यांनी खरंच पाळलाय त्यांनी कृपया लिहा.

नलूमावशी_स्मेदिक

मंजू, रात्रपाळी करून आले आणि तुझा धागा दिसला. झोप नंतर.

मी मूळची मिरजेची, नर्सिंगही तिथेच शिकले. आता बरीच वर्षं इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला चिकटून असलेल्या स्मेदिकमध्ये राहते. ही जात याच भागातली. जेम्स हिंक्स नावाच्या बर्मिंगहॅमच्या कुत्रेविक्याने १८५० ते १८६०च्या दशकांत बुलडॉग, पांढरा इंग्लिश टेरियर आणि डाल्मेशियन यांच्या संकरातून ती घडवली. त्यातला पांढरा टेरियर आता जगात उरलेला नाही. बैलांवर कुत्रे सोडायचे आणि कुत्र्यांच्या झुंजी लावायचे खेळ इंग्लंडमध्ये १८३५च्या कायद्याने बंद झाले होते. हिंक्सने बांधेसूद, रुबाबात शेजारी चालेल असा पांढरा कुत्रा काढला आणि प्रदर्शनांत उतरवला. अंड्यासारखं उतरतं तोंड पुढच्या पिढ्यांत आलं. हे अशासाठी सांगते की ब्रूनोत झुंजीच्या कुत्र्याची चिकाटी आणि वेदना सोसायची ताकद आहे, आणि माणसाला चिकटून राहायची ओढही आहे. ही दोन्ही टोकं धरूनच त्याच्याशी वागावं लागतं.

माझ्याकडे आधी गोट्या होता, पूर्ण पांढरा. तो गेल्यावर मिरी आली, वाघासारख्या पट्ट्यांची मादी. ती आत्ता माझ्या पावलांवर बसली आहे. शेजारी नाही, पावलांवरच. मी भाकरी थापते तेव्हाही तिथेच असते.

आता तुझे तीन प्रकार. ते वेगवेगळे आहेत, एकत्र करू नकोस.

वेलींखालचं उभं राहणं. इथले लोक त्याला ट्रान्सिंग म्हणतात, म्हणजे तंद्री लागणं. इथे पावसापाण्यामुळे कपडे घरातच वाळत घालावे लागतात. माझ्या सुती साडीचा पदर स्टँडवरून लोंबत असला की गोट्या बरोबर त्याच्याखाली जाऊन उभा. पदर पाठीवरून सरकेल इतकंच पाऊल टाकायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नाडी बघायला वाकले होते, ती धंद्याची सवय. श्वास शांत, हिरड्या गुलाबी, अंगात कुठे ताठरपणा नाही. बिस्किटाचा डबा वाजला की भानावर येऊन स्वयंपाकघरात हजर. इकडच्या मेंदूविकाराच्या पशुवैद्यांनीही याचा अभ्यास केलाय आणि एवढंच असेल तर ते निरुपद्रवी मानलं आहे. अंगाला हलकं काहीतरी लागणं त्यांना सुखाचं वाटतं, असं माझं मत. फिट आली तर कुत्रा कोसळतो, पाय ताठ होतात किंवा झटके देतो, तोंडाला फेस येतो, लघवी होते, नंतर काही वेळ घरातली माणसंही ओळखत नाही. ब्रूनोचं यापैकी काही होतंय का ते नीट पाहा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखव. सासूबाईंना सांग, त्याला काही दिसत नाहीये, त्याला पानं हवी आहेत. जमलं तर त्यांनाच त्याच्याजवळ बसवून दाखव.

हॉलभर पळणं. ही तर आनंदाची गोष्ट. मिरीचं आंघोळीनंतर ठरलेलं असतं. फक्त तुझ्या घरात टाइल्स असतील आणि त्यावर पाय घसरून गुडघ्याची दोरी तुटते. ज्या वाटेने तो पळेल तिथे सतरंज्या नकोत, त्या सरकतात. खाली रबर असलेल्या चटया घाल. टीपॉय भिंतीला लाव. लेकीला एक शिकव: ब्रूनो पळायला लागला की सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचं, त्याच्यामागे पळायचं नाही, किंचाळायचं नाही. पंचवीस-तीस किलोच्या कुत्र्याचं डोकं गुडघ्यावर आदळलं तर मोठा माणूससुद्धा पडतो.

शेपटी. मंजू, यातलं मला काळजीचं वाटतं ते हेच.

कुत्रं शेपटीमागे फिरलं की घरोघर लोक हसतात. बुल टेरियरच्या बाबतीत हसू नये. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी ३३३ बुल टेरियरचा अभ्यास २०११ मध्ये छापला. शेपटीमागे फिरण्याचं वेड नरांत जास्त आढळलं, आणि जे फिरत होते त्यांच्यात तंद्री लागणं आणि एकाएकी अंगावर येणं हेही जास्त दिसलं. तुझा ब्रूनो नर आहे, त्याला तंद्री लागते आणि तो फिरतोही. त्यामुळे तंद्री एकटी असती तर मी तुला निवांत झोप म्हटलं असतं, पण दोन्ही आहेत म्हणून लक्ष ठेवायला सांगते. हे वाढलं की कुत्रा तासन्‌तास फिरतो, खात नाही, शेपूट भिंतीवर आपटून रक्तबंबाळ करतो, थांबवायला गेलेल्या हाताला चावतो. माझ्या ओळखीच्या एका घरातल्या कुत्र्याची शेपूट शेवटी कापावी लागली, आणि तरीही फिरणं थांबलं नाही, कारण खोट शेपटीत नव्हतीच.

दीर निघाले की होतं म्हणालीस. ती मोलाची खूण आहे. एक वही कर. कधी सुरू झालं, आधी काय घडलं, किती वेळ चाललं, कशाने थांबलं. फिरताना त्याच्यासमोर पोळीचा तुकडा टाक. थांबून खाल्ला तर अजून वेळ आहे, कंटाळा आणि एकटेपणा मोडला की सुटेल. तुकडा दिसलाच नाही, तर डॉक्टर, त्याच आठवड्यात. औषधं आहेत, माणसांच्या मंत्रचळासाठी, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करण्याच्या आजारासाठी, देतात त्याच प्रकारची. ती गुण देतात, पण महिना-दीड महिना लागतो आणि डोस वजनावर ठरतो. घरातल्या कुणाच्या गोळ्या देऊ नकोस. ओरडायचं नाही, मारायचं नाही, धरून ठेवायचं नाही. निघायची वेळ व्हायच्या आधीच त्याला काम द्यायचं. जुन्या टॉवेलमध्ये त्याच्या जेवणातले दाणे गुंडाळून गाठ मार आणि दे. सोडवण्यात अर्धा तास जातो आणि नाक-डोकं दमतं. पळवून हा कुत्रा दमत नाही, डोकं चालवून दमतो.

न ऐकण्याबद्दल. त्याला पहिल्याच वेळी कळलेलं असतं. दुसऱ्यांदा का बसायचं, एवढाच त्याचा प्रश्न असतो. तीन-चार मिनिटांचे धडे, दर वेळी खाऊ, आणि तो कंटाळायच्या आत आपण थांबायचं. धाक दाखवलास तर तो घाबरणार नाही, हट्टाला पेटेल.

तुझ्या घरात दिवसभर माणूस आहे, हे त्याच्यासाठी सगळ्या औषधांपेक्षा मोठं आहे. पण तू शिवतेस. सुया, बटणं, हुक, दोरे, रिळं हे सगळं झाकणाच्या डब्यात. बुल टेरियर चाखून बघत नाही, गिळतो.

देवळालीकर

नलूमावशींनी स्वभावाचं लिहिलंय, मी आपल्याकडच्या हवेचं आणि रस्त्याचं लिहितो. माझी मादी सहा वर्षांची, नाशिकजवळ देवळालीत असतो.

पांढऱ्या कुत्र्याचं ऊन फार सांभाळा. नाक, कानांची टोकं, पोट इथे कातडी गुलाबी आणि केस विरळ. मार्च ते जून सकाळी सातच्या आत फिरून घरी, संध्याकाळी रस्ता निवल्यावर. डांबरावर हाताचा पंजा उलटा टेकवा. आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पायालाही सोसणार नाही. आणि ही जात थकली तरी थांबत नाही. चेंडू टाकत राहिलात तर धापा टाकत आणत राहील. थांबवायचं काम आपलं.

दुसरं, गल्लीतली कुत्री. हे मी सगळ्यात वर लिहायला हवं. तुमचा ब्रूनो बहुधा सुरुवात करणार नाही. पण चारपाच कुत्री अंगावर आली आणि त्याने एकदा धरलं की तो सोडत नाही, आणि त्याला स्वतःला किती लागलंय हेही त्याला कळत नाही. नराला दुसरा नर तर अजिबात खपत नाही. गळ्यातल्या पट्ट्यावर भिस्त ठेवू नका, मान जाड आणि डोकं निमुळतं, पट्टा सरकून हातात येतो. छातीचा पट्टा घ्या, पुढून कडी असलेला. फिरायची वाट आधी एकट्याने चालून बघा, कुठल्या कोपऱ्यावर टोळी बसते ते कळेल. तोंडाच्या जाळीची सवय घरात खाऊ देऊन लावा, म्हणजे दवाखान्यात आणि लिफ्टमध्ये उपयोगी पडते. जाळीत जीभ बाहेर काढून धापा टाकता आल्या पाहिजेत, कापडी घट्ट जाळी आपल्या हवेत धोक्याची.

नसबंदी झालीय का ते लिहा.

डॉ_करवीर

मी कोल्हापूरला पशुवैद्यक आहे. कुत्रा बघितल्याशिवाय निदान करता येत नाही, तरी ताबा घेण्यापूर्वी काय तपासून घ्यायचं ते सांगतो.

ऐकू येतं का हे आधी बघा. पांढऱ्या बुल टेरियरमध्ये साधारण पाचातल्या एकाला एका किंवा दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. बहुतेकांचा एकच कान गेलेला असतो, म्हणून घरच्यांच्या वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. कानाच्या आतल्या भागात रंगपेशी नसल्या की ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. तुम्ही 'हाक ऐकत नाही' आणि 'हट्टी आहे' असं दोन्ही लिहिलंय, त्यामुळे हे नक्की करा. तो दुसरीकडे बघत असताना, वाऱ्याची झुळूक किंवा जमिनीचा हादरा लागणार नाही इतक्या अंतरावरून किल्ल्या वाजवा. एका कानाने ऐकणारा कुत्रा आवाज ऐकतो पण तो कुठून आला ते त्याला कळत नाही, भलतीकडे वळतो.

मूत्रपिंडं. या जातीत दोन आनुवंशिक आजार आहेत. एकात लघवीतून प्रथिनं जातात, दुसऱ्यात मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ घटक, खूप उशिरा वाढतं, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका. सकाळच्या पहिल्या लघवीत प्रथिनं आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर काढायला सांगा. प्रयोगशाळेच्या कागदावर ०.५ पर्यंत नॉर्मल छापलेलं असतं. बुल टेरियरमध्ये ते वारंवार ०.३ च्या वर आलं तरी आम्ही पुढे तपासतो. सोबत पोटाची सोनोग्राफी आणि हृदयाचे आवाज नीट ऐकून घ्या, झडपांचे दोष या जातीत होतात.

पावसाळ्यात कातडी. बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करा. तो पाय सतत चाटत असेल तर ॲलर्जी समजा, लाड नव्हेत. गोचिडीचं औषध बारा महिने चालू ठेवा. ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या की गोचीड ताप आधी तपासून घ्या.

आणि गिळण्याबद्दल मावशींनी लिहिलंय ते पुन्हा लिहितो, कारण ऑपरेशन मला करावं लागतं. आंब्याची कोय आणि मक्याचं कणीस. आमच्याकडे मे-जूनमध्ये कोयी आणि पावसाळ्यात कणसं. आतड्यात अडकलेली कोय एक्स-रेवर नीट दिसतही नाही. कुत्रा वारंवार उलट्या करतोय आणि पाणीही ठरत नाही म्हटल्यावर सकाळची वाट बघू नका.

शेपटीबद्दल एक भर. हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१२ मधल्या अभ्यासात, आईपासून लवकर तोडलेल्या पिल्लांत हे वेड जास्त दिसलं. आपल्याकडे महिन्याचं पिल्लू सर्रास विकतात. ब्रूनो दिरांकडे आला तेव्हा किती दिवसांचा होता ते विचारा आणि तुमच्या डॉक्टरांना सांगा.

तात्या_फलटण

मला हे पटत नाही. मंजूताई, तुमच्या घरात आठ वर्षांची मुलगी आहे. ज्या कुत्र्याला धरलेलं सोडता येत नाही असं इथेच लिहिलंय, तो लहान मुलीच्या घरात कशाला? चुलत दिरांची अडचण खरी आहे, पण ती तुमच्या लेकीने का सोसायची? राग मानू नका, मी नातवंडांचा आजोबा आहे.

वकिली_चष्मा

सेक्रेटरींच्या मुद्द्यापुरतं लिहितो. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने मार्च २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं. त्या यादीत पिटबुल टेरियर होताच, शिवाय एका ठिकाणी मोघम 'टेरियर्स' असंही होतं, त्यावरून हा गोंधळ. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पत्र रद्द केलं. बुल टेरियर आणि पिटबुल या वेगळ्या जाती आहेत. सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. तुम्ही पुणे महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र घ्या, दोन्हीच्या प्रती सेक्रेटरींना पत्रासोबत द्या आणि पोचपावती घ्या. भांडणापेक्षा कागद बरा.

नलूमावशी_स्मेदिक

तात्या, तुम्ही रागावण्यासारखं काहीच लिहिलेलं नाही. मूल आणि कुत्रा यांच्यात आधी मूल, यावर माझं दुमत नाही. मी अपघात विभागात काम केलंय, कुत्र्याने चावलेली लेकरं पाहिली आहेत. त्यात सगळ्या जातींचे कुत्रे होते, आणि पुष्कळदा घरचेच, मोठं माणूस खोलीत नसताना.

म्हणून माझ्या घरी भाच्याची मुलं येतात तेव्हाचे नियम मंजूसाठी लिहिते. मूल आणि कुत्रा खोलीत दोघंच कधीही नाहीत, पाणी आणायला उठलं तरी कुत्रा सोबत न्यायचा. खाताना, झोपलेला असताना आणि तंद्रीत असताना हात लावायचा नाही. मिठी मारायची नाही, तो स्वतः येऊन टेकला तर छातीवर खाजवायचं. शेपटीमागे फिरत असेल तर मुलाने खोलीबाहेर जाऊन मोठ्यांना सांगायचं. एवढं पाळणारं घर असेल तर बुल टेरियर मुलांबरोबर फार सुखाने राहतो. मुलांच्या धसमुसळेपणाने त्याला काही वाटत नाही आणि तो खेळायला कधी कंटाळत नाही.

पण मंजू, तात्यांचा एक शब्द मी उचलते. फिरताना त्याला थांबवायला गेल्यावर तो कधी गुरगुरलाय किंवा दात दाखवलेत का, हे जाऊबाईंना सरळ विचार. दिरांना नको, जाऊबाईंना. घरात दिवसभर कुत्र्याबरोबर कोण असतं ते महत्त्वाचं. उत्तर 'हो' आलं तर कुत्रा आणायच्या आधी डॉक्टर, उपचार, आणि दोन महिने थांबायचं. सिंगापूर थांबेल.

वडगावकर_मंजू

सगळ्यांचे मनापासून आभार. तात्या, तुमचाही राग नाही.

जाऊबाईंना विचारलं. गुरगुरणं नाही. पोळीचा तुकडा टाकून पाहिला, थांबला, खाल्ला, परत फिरला नाही. पिल्लू म्हणून आणला तेव्हा पस्तीस दिवसांचा होता. नसबंदी झालेली नाही, ती करून मगच आणायचं ठरलं. किल्ल्यांचा प्रयोग मात्र डॉक्टर म्हणाले तसाच झाला. मी त्याच्या डावीकडून वाजवल्या, तो उजवीकडे वळून शोधत राहिला. तीन वेळा तेच. दिरांना धक्काच बसला, ते त्याला हट्टी म्हणून ओरडत होते.

सासूबाई काल आल्या होत्या सोबत. ब्रूनो वेलींखाली गेला तेव्हा खुर्ची ओढून जवळ बसल्या. मग म्हणाल्या, आपल्या गॅलरीत तसली वेल लावून घे.

मावशी, एका कानाने ऐकू येत नसेल तर मी वेगळं काय करू? आणि पहिल्या रात्री त्याला कुठे झोपवू?

नलूमावशी_स्मेदिक

वेल लावायचं सासूबाईंच्या तोंडून आलं, आता मला काळजी नाही. फक्त मनीप्लँट नको, तो चावला तर कुत्र्यांचं तोंड भाजतं, लाळ गळते, उलट्या होतात. उंचावरून जुनी सुती ओढणी सोड, तिच्या कडेला दोरे-मणी नसलेली. किंवा बोस्टन फर्न, त्याची पानं खाली झुकतात आणि ते विषारी नाही.

कानासाठी: फिरताना त्याचा ऐकता कान तुझ्या बाजूला राहील असा चालव. रस्त्यावर साखळी कधीच सोडायची नाही, कारण गाडी कुठून येतेय हे त्याला आवाजावरून कळणार नाही. झोपलेला असताना मागून हात लावू नका. समोर जा, जमिनीवर पाय आपट, हादरा लागून जागा होऊ दे. प्रत्येक शब्दाला हाताची एक खूण जोड: बस, ये, थांब, शाब्बास. शाब्बासची खूण आधी शिकव, ती सगळ्यात जास्त वापरली जाते. खुणा लेकीकडून ठरवून घे आणि घरात सगळ्यांनी त्याच वापरा.

लेकीला एक खरी गोष्ट सांग. अलास्कातल्या जुनो बंदरात १९३०च्या दशकात पॅट्सी ॲन नावाची पांढरी बुल टेरियर होती. जन्मापासून दोन्ही कानांनी बहिरी. तरी बोट यायच्या आधी तिला कसं कोण जाणे कळायचं आणि ती धक्क्यावर जाऊन उभी राहायची. १९३४ मध्ये तिथल्या महापौरांनी तिला गावाची अधिकृत स्वागतकर्ती म्हणून जाहीर केलं. ती १९४२ मध्ये गेली, आणि पन्नास वर्षांनी धक्क्यावर तिचा ब्राँझचा पुतळा बसवला. ब्रूनोचा तर एक कान चालतोय.

पहिल्या रात्री गॅलरीत किंवा पॅसेजमध्ये ठेवू नकोस. तुमच्या खोलीत, पलंगाच्या कडेला, हात खाली सोडला तर लागेल इतक्या जवळ. त्याचं अंथरूण दिरांकडून न धुता आण. आणि सोबत दिरांचा एक वापरलेला बनियन, बटण नसलेला, पण तो त्याच्याजवळ ठेवून खोलीबाहेर जायचं नाही, गिळेल. पहिले काही दिवस घरी पाहुणे नकोत, शिवणाच्या गिऱ्हाइकांना दाराशीच कपडे द्यायला सांग.

नसबंदीच्या भुलीआधी डॉक्टर करवीर म्हणाले ती लघवीची आणि हृदयाची तपासणी करून घे, नंतर नको. रिपोर्ट आला की आकडा इथे टाक, डॉक्टर बघतीलच, मीही बघेन.